त्रेसष्ट नंबरच्या दोघी

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात मुलीला नाव नसतं, नंबर असतो. हा टोमणा नाही. ती सोय मीच करून दिली आहे. मुलींचे फोटो आणि बायोडाटे व्हॉट्सॅपवर गावभर फिरायला लागले होते. एकीचा फोटो तर तिला पोर झाल्यावरही देगलूरच्या ग्रुपवर ‘अनुरूप स्थळ पाहिजे’ म्हणून फिरत होता आणि तिचा नवरा त्याच ग्रुपमध्ये होता. तेव्हा मंडळाने ठरवलं की वेबसाइट करायची. यादीत फक्त नंबर, वय, उंची, शिक्षण आणि नोकरी. नाव, गाव, फोटो पाहिजे असेल तर मंडळाकडे मागायचा. विचार चांगलाच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की पंगतीत बसलेल्या बायका ‘एकशेचारचं जमलं म्हणं’, ‘अडतीसला नोकरीवालाच पायजे’ असं बोलायला लागल्या. ऐकणाऱ्याला वाटावं, लॉजच्या खोल्यांबद्दलच चाललंय.

मी नांदेडला असतो. झेरॉक्सच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कॉलेजांचे प्रवेशअर्ज, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट असल्या साइट मी बनवतो. मंडळाचे सचिव म्हणजे माझे शाळेतले गुरुजी, हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. त्यांचा फोन आला, “समाजाचं काम हाय. तुला न्हाई म्हणता येणार न्हाई.” आणि खरंच आलं नाही. गुरुजींना नाही म्हणायची सवय आमच्या वर्गातल्या कुणालाच लागली नाही, आणि त्यात आमचं भलं झालं असंही म्हणवत नाही.

नंबर देण्याचं काम मी सुरुवातीला डेटाबेसवरच सोपवलं होतं. डेटाबेस या बाबतीत सरळमार्गी असतो. नवी नोंद आली की पुढचा नंबर देतो. मधली एखादी नोंद कुणी पुसली, तर तिची जागा तशीच रिकामी सोडून पुढे जातो. एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, हा आमच्या धंद्यात अगदी पहिल्या वर्षी शिकवतात तो धडा आहे. मलाही शिकवला होता.

आता आमच्याकडची रीत अशी की मुलीचं जमलं की त्याच दिवशी तिची नोंद यादीतून काढायची. सुपारी फुटली आणि तरी नंबर यादीत दिसला, तर मुलाकडचे बिघडतात, “म्हंजे तुम्ही अजून दुसरीकडं बघूनच राहिले का?” म्हणून मुलीचा बाप पेढ्यांचा पुडा घेऊन मंडळात यायचा, गुरुजी त्याच्या देखत नोंद पुसायचे, आणि बाप चष्मा लावून खात्री करून घ्यायचा. मगच पुडा फुटायचा.

एका दुपारी गुरुजी माझ्या ऑफिसात आले. जिना चढून दम लागला होता तरी बसले नाहीत.

“बासष्टनंतर एकदम चौसष्ट कसं काय? त्रेसष्ट कुठं गेली?”

“जमलं की तिचं, गुरुजी. तुम्हीच काढली.”

“मला मालूम हाय. लोकांला कुठं मालूम हाय? रोज कुणी ना कुणी विचारून राहिलं, ही का काढली, हिचं काय झालं. शुभकामाची यादी दात पडल्यावानी बरी दिसत न्हाई. आकडे सलग कर.”

मी म्हणालो, “गुरुजी, दाखला घेऊन गेलेल्या पोराचा नंबर तुम्ही शाळेत दुसऱ्या पोराला दिला होता का कधी?”

“ती शाळा हाय. हे लगीन हाय.”

यावर मला भांडता आलं असतं. नंबर रिकामा राहिला तर लोक विचारतील, पण तोच दुसरीला दिला तर लोक न विचारताच बोलतील, एवढं सांगता आलं असतं. पण घरी पाहुणे आले होते, मला निघायची घाई होती, आणि काम इतकं सोपं होतं की वाद घालण्यापेक्षा करून टाकणं लवकर झालं असतं. रिकामा असलेला सगळ्यात लहान नंबर शोधायचा आणि पुढच्या मुलीला तो द्यायचा. मी उभ्या उभ्याच ते लिहिलं. गुरुजी खूश होऊन गेले आणि मीही पाहुण्यांच्या जेवणाला वेळेत पोचलो.

माझ्या मामाची मुलगी लातूरला असते. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून ताई. ज्युनियर कॉलेजवर बायोलॉजी शिकवते. लातूरच्या मास्तरांना असतो तसा तिलाही चुका शोधायचा रोग आहे. मला लहानपणी पाढे तिनेच पाठ करून घेतले, तेही कान धरून. लग्नाचं नाव काढलं की ती पेपर तपासायला घ्यायची. मंडळाची साइट दाखवली तेव्हा म्हणाली, “मी काय सातबारा आहे का, नंबर टाकायला?” मी महिनाभर तिच्या मागे लागलो. मामी तर माझ्या पाया पडायची बाकी होती. शेवटी एका रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी स्वतः तिचा फॉर्म भरला. बटण दाबलं आणि नंबर आला, त्रेसष्ट.

“लहान नंबर आला बघ. घरचं गिऱ्हाईक,” मी चिडवलं.

“गिऱ्हाईक तुझी बायको,” ती म्हणाली, पण हसली. त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

थोड्याच दिवसांत नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा इथल्याच एका कॉलेजात प्राध्यापक, घरी आई आणि धाकटा भाऊ. ते लातूरला बघायला गेले तेव्हा मीही होतो. आलेल्या मुलाला चहा संपायच्या आत निकालात काढणारी आमची ताई त्याच्याशी गच्चीवर इतका वेळ बोलत बसली की खाली मामा दोनदा खाकरले. निघताना ती फाटकापर्यंत आली. हे कधी झालं नव्हतं. नंतर तिचा मला फोन आला आणि तिने कसलेही आढेवेढे न घेता सांगितलं, “मला तो आवडला रे.” मग नांदेडची चौकशी. गोदावरीच्या घाटावर संध्याकाळी फिरता येतं का, कुठल्या कॉलेजात बायोलॉजीची जागा निघेल का, उन्हाळा लातूरपेक्षा जास्त असतो का. मी म्हणालो, उन्हाळा जास्तच आहे, पण तुला आता तो लागायचा नाही. तिने फोन ठेवून दिला.

“कळवतो,” म्हणून गेलेले पाहुणे कळवेनात. मामांनी फोन केला तर उचलेनात. मग मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगा इतक्यात नको म्हणतो. ताई मला काही बोलली नाही. मामी मात्र बेजार झाली, “आपलं काय चुकलं, तेवढं तरी सांगावं की.” मीही त्या प्राध्यापकाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आपला काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते कळलं लोह्याला, एका लग्नात. मी ताट घेऊन उभा होतो. शेजारी दोन बायका, दोघी मंडळाच्या मेळाव्याला नेहमी येणाऱ्या.

“त्रेसष्टचं तर साखरपुडा होऊन मोडलं म्हणं.”

“म्हणं काय? खरंच हाय. त्या प्राध्यापकाच्या आईला मीच सांगितलं. न्हाई तर फसले असते बिचारे.”

मी विचारलं, “कोणती त्रेसष्ट, काकू?”

“आता कोणती म्हंजे? मास्तरीण हाय बगा ती.”

आमच्या समाजातल्या निम्म्या मुली मास्तरणी आहेत. यादीत नाव नाही, गाव नाही. उरला फक्त नंबर, आणि तो मी दोघींना दिला होता.

पहिली त्रेसष्ट किनवटकडची होती, एका आश्रमशाळेवर शिकवणारी. तिची सुपारी फुटली, नोंद पुसली, आणि ती रिकामी जागा माझ्या प्रोग्रामने ताईला दिली. मग मुलाने दुसरीकडेच ठरवलं आणि त्या मुलीचा साखरपुडा मोडला. मुलीचा त्यात काही दोष नव्हता. वडिलांनी तिचं नाव वापस मंडळात टाकलं, तेव्हा मधली एकही जागा रिकामी नव्हती, म्हणून तिला यादीच्या शेवटचा कोरा नंबर मिळाला. मोडल्याची बातमी लोकांच्या तोंडी जुन्याच नंबराने फिरत राहिली, आणि तोवर त्या नंबरावर ताई बसलेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं माझ्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली. त्या मुलीने कुठं काय चोरलं होतं?

जेवण तसंच टाकून मी नांदेडला गुरुजींच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. म्हणालो, “आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाका. मोडलं ते आधीच्या त्रेसष्टचं, आताच्या त्रेसष्टचा काही संबंध नाही.”

गुरुजींनी फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाले, “आधीची त्रेसष्ट कोण, हे लोक तासाभरात काढतील. तिची बोलणी आता आखरीला आली.”

“कुणाशी?”

ते खिडकीकडे बघायला लागले. मला तेवढ्यावरूनच कळलं, तरी मी पुन्हा विचारलं.

“त्याच प्राध्यापकाशी,” ते म्हणाले. “त्यांनी यादीतून नवा नंबर मागितला. पोरगी पसंत पडली. तिच्या बापानं आधीचं सांगितलं न्हाई वाटतं. मी पण न्हाई सांगितलं. सलग कर म्हणणारा मीच होतो बाबा. चूक माझी हाय.”

त्यांनी हात जोडले. माझ्या गुरुजींनी माझ्यासमोर हात जोडले. मी ते धरून खाली केले आणि म्हणालो की लिहिलं मी होतं. आणि ते खरंच होतं. गुरुजींना डेटाबेस कळत नव्हता, मला कळत होता.

ऑफिसात येऊन मी प्रोग्राम दुरुस्त केला. आता नोंद पुसली जात नाही, फक्त यादीत दिसायची बंद होते, आणि तिचा नंबर पुन्हा कुणालाही मिळत नाही. ताईलाही एक नवा नंबर देऊन टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता. लोकांनी मंडळाकडून फोटो मागवून तिला पाहिलेलं होतं, आता ते तिला चेहऱ्यानेच ओळखत होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा करायला मी चांगली संध्याकाळ घातली.

दुसऱ्या दिवशी लातूर. अहमदपूरपर्यंत मी काय बोलायचं ते घोकत होतो, आणि तिच्यासमोर बसल्यावर सगळं उलटसुलट सांगितलं. ताईने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग वर्गात विचारावं तसं विचारलं.

“म्हणजे नंबर पुन्हा वापरला जाणार, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“माझ्या आधी तो कुणाचा होता, हे बघितलंस?”

“नाही.”

“बघितलं असतंस तर?”

मी खोटं बोललो नाही. “तरी काही वाटलं नसतं. तेव्हा तिचं मोडलं नव्हतं.”

“आणि आता त्या मुलीचं काय चाललंय?”

मी सांगितलं. कुणाशी चाललंय तेही सांगितलं. ती उठली, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसली. बाहेर क्लासची पोरं ओरडत होती, तेवढंच कारण असेल.

“तू आता त्या आईला फोन लावलास तर काय होईल?”

“त्या मुलीचं मोडेल.”

“दुसऱ्यांदा. आणि माझं जमेल?”

माझ्या उत्तराची तिने वाटच पाहिली नाही.

“नाही जमणार. त्याने मला एक फोन करून विचारलं नाही. गच्चीवर एवढं बोललो आम्ही, आणि त्याने आईचं ऐकून गप बसायचं ठरवलं. मला ते घर नको आता.” मग म्हणाली, “पण तो पाहिजे होता. ते काय लगेच जात नाही.”

“ताई, निदान तुझं नाव तरी साफ होईल. लोक काय काय बोलायलेत. तुझी इज्जत...”

“माझी इज्जत तुझ्या त्या डबड्यात आहे का?” ती एकदम भडकली. “तुला सांगून मोकळं व्हायचंय. म्हणून धावत आलास. मी ऐकलं. झालं. आता कुणालाही सांगायचं नाही. मी मोडलेली नाही हे दाखवायला दुसरीला मोडलेली म्हणून उभी करायची? आणि मोठेपणा वगैरे समजू नकोस हं. मला भयंकर राग आलाय. त्या पोरीचाही आलाय. तरी पण नाही सांगायचं.”

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. मी असा अचानक कसा, म्हणून तिने विचारलं. ताई म्हणाली, “कॉलेजच्या साइटचं काम होतं त्याचं इकडे.” मामीने माझ्या हातात कप दिला आणि म्हणाली, “तुझ्या मंडळात अजून एखादं चांगलं बघ की रे हिच्यासाठी. तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?” ताई माझ्याकडे बघतही नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला मिळत होता असं मला वाटलं. पण मार खरं तर तिला बसला होता. मी नुसता तोंड दाबून होतो.

लग्न नांदेडलाच झालं. मी जाणार नव्हतो, पण मुलीचे वडील किनवटहून स्वतः पत्रिका द्यायला आले. साधा माणूस. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “तुमच्या साइटमुळं माझ्या लेकराचं सोनं झालं. तुम्ही न्हाई आले तर मी जेवणार न्हाई.” ताईला फोन केला तर म्हणाली, “जा. नाही गेलास तर लोक विचारतील.” म्हणून गेलो. नवरीकडे पाहिलं. सावळी, बारीक, फोटोसाठी हस म्हटलं की घाबरून हसणारी मुलगी होती. तिला पाहून मला बरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. खरोखर बरं वाटलं, आणि त्याबद्दलही अपराधी वाटलं.

जेवणं झाल्यावर तिच्या वडिलांनी मला मांडवात खुर्चीवर बसवून टॉवेल-टोपीचा आहेर केला. ते माझ्या डोक्यावर टोपी ठेवत होते तेव्हाच नवऱ्या मुलाची आई तिथे आली. मला ओळखून म्हणाली, “तुम्ही लातूरच्या त्या मास्तरणीचे भाऊ ना? पोरगी चांगली होती हो. माझ्या पोराला तर लई पसंत होती. पर साखरपुडा मोडलेली म्हणून कळलं, आन् मी माघार घेतली. आमच्या घराण्यात तसलं चालत न्हाई.”

गप्प बसणं मला आता जमायला लागलं होतं. पण तिने तिथेच सोडलं नाही. मनाने वाईट बाई नसावी. तिला मनातून कुठेतरी टोचत असावं.

“खरं होतं ना ते? का लोक उगंच बोलून राहिले होते? खामखा एखाद्या लेकीवर आळ नको. तुम्ही घरचे हाव, म्हणून विचारते.”

मुलीच्या वडिलांचा हात माझ्या डोक्यावरच्या टोपीवर होता, तो तिथेच थांबला. त्यांना ताईचं काहीच माहीत नव्हतं. मोडलेला साखरपुडा एवढेच शब्द त्यांनी ऐकले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. समोर स्टेजवर त्यांची लेक नवऱ्याशेजारी बसून कुणाच्या तरी पाया पडायला वाकत होती. मला एक शब्द बोलायचा होता. ‘नाही’ म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग कुणाचं मोडलं?

“खरं होतं, मावशी,” मी म्हणालो.

“बगा,” ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं दिसलं. “मी म्हणलंच होतं, आगीबिगर धूर निघत न्हाई.”

तोवर जे झालं ते प्रोग्रामने केलं होतं, असं मी स्वतःला अधूनमधून सांगू शकत होतो. आता ते मी माझ्या तोंडाने, टोपी घालून, आहेर मांडीवर ठेवून सांगितलं होतं.

घरी पोचतो न पोचतो तोच ताईचा फोन आला. लग्न कसं झालं, माणसं किती होती, नवरी कशी दिसत होती, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.

“माझा विषय निघाला का रे तिथं?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “कुणीच काढला नाही.”

“त्यानेही नाही?”

“नाही, ताई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जेवलास का म्हणून विचारलं.